पोट खाली ठेव

माधव नगर, उज्जैन
९ सप्टेंबर २०२४

ती. प्रतिभाताईस,

भय्यासाहेबाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात घालायची सोय राहिलेली नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

फोन का नाही केला म्हणशील. आमच्याकडे फोन आला की सुलू तो स्पीकरवर टाकते आणि पोळ्या लाटते. अर्धी कॉलनी ऐकते. ग्रुपवर लिहावं तर आपला अनिल दोन मिनिटांत अंगठा दाखवतो. आणि ही गोष्ट अनिलला बिल्कुल कळायला नको.

परवा गणपती बसवले. गणपती बसले, मी बसू शकलो नाही. उजवा पाय मुडपला, डावा मुडपेना. तो सरळ देवाकडे. श्रीपाद गुरुजी राम घाटावरून आले होते, ते म्हणाले, "भय्यासाहेब, पाय वापस घ्या, समोर भगवान आहेत." वापस येईल तर घेईन ना. शेवटी मला स्टुलावर बसवलं आणि पूजा अनिलने केली. तुझा हा धाकटा भाऊ अठ्ठावन्नाव्या वर्षी पद्मासन घालून टीव्ही बघतो, तुला माहीतच आहे.

त्याचंही मला काही नाही. पण आरती झाल्यावर सगळ्यांदेखत म्हणतो, "दादा, मुक्ताच्या कन्यादानाला मी आणि मीना बसू. तू कशाला परेशान होतोस?" गुरुजी म्हणाले, काका-काकू चालतात. खुर्चीसुद्धा चालते.

ताई, एकुलती एक पोर. अठ्ठावीस नोव्हेंबरला आल्हादच्या घरी जाईल. चाळीस वर्षं बँकेत खुर्चीवर बसूनच लोकांना काय ते दिलं. मुलगी तरी जमिनीवर बसून द्यायची आहे. मला पाटावर मांडी घालून बसता आलं पाहिजे, बस, एवढंच.

तू मिरजेला इतकी वर्षं योगाचे वर्ग घेतेस. मला योगाची शिक्षा दे. पत्रानेच दे, गुपचूप. काल देवास गेटला जाऊन योगाची चटई घेऊन आलो. जाताना टेम्पो खाली मिळाला, येतानाही खाली मिळाला. शकुन चांगलाच म्हणायचा.

तुझा,
भय्या

*

मिरज
२० सप्टेंबर २०२४

चि. भय्या,

अनेक आशीर्वाद. शिक्षा मागितलीस, देते. आमच्याकडे शिक्षा गुन्हेगाराला करतात. तुझ्या गुडघ्यांनी गुन्हा केलेलाच आहे, तेव्हा शब्द बरोबर पडला. उत्तराला उशीर झाला. हल्ली मी शवासनावर भर देतेय.

पहिली गोष्ट, मांडी गुडघ्यात नसते, खुब्यात असते. तू गुडघ्याला दाबत बसू नकोस, बिचारा मधल्या मध्ये भरडला जातो. भिंतीला पाठ लावून बस. बुडाखाली जाड घोंगडीची घडी घे, चांगली उंच. मग पाय मुडप, जेवढे मुडपतील तेवढेच. अंगवळणी पडलं की घोंगडीची एकेक घडी कमी कर. घोंगडी संपली की पाट.

दुसरी गोष्ट, तळव्याला तळवा लावून मांड्या फुलपाखरासारख्या हलव. तुझ्याकडे बघून फुलपाखराची आठवण कुणाला येणार नाही, पण दार लावून करायचं आहे ना.

तिसरं, भुजंगासन. पालथा झोप, तळवे खांद्यांखाली, छाती सावकाश वर. यात एक पक्कं लक्षात ठेव: पोट खाली ठेव. तुझी घाई मी लहानपणापासून ओळखते. पोट खाली असेल तरच फायदा, नाहीतर कमरेची वाट लागेल. जो जो तक्रार घेऊन येतो, त्याचं पोट खाली नसतं.

अनिलचं मनाला लावून घेऊ नकोस. तो मनाने चांगला आहे. फक्त मोठ्याने चांगला आहे.

तुझी,
ताई

*

उज्जैन
४ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

गुरू असावा तर असा. तुझा एकेक शब्द मी पाळतोय, आणि सगळ्यात जास्त पोटाचा.

सकाळचे पोहे-जिलेबी सोडली. उज्जैनमध्ये राहून पोहे-जिलेबी सोडणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. संध्याकाळची कचोरी सोडली. अडचण एवढीच की आसनं मी दिवसातून तीन-चारदा करतो, त्यामुळे जेवायचं नक्की कधी हे बसत नाही. जेवलं की पोट भरतं, भरलं की आसन करता येत नाही. मग मी आसन निवडतो. सुलू विचारते, काय चाललंय? मी म्हणतो, ताईने सांगितलंय. तुझं नाव घेतलं की ती गप्प बसते.

प्रगती म्हणशील तर एकदम फर्स्ट क्लास. मांडी अशी पडते की बघत राहावं. घोंगडीच्या दोन घड्या गेल्या. पायजम्याची नाडी कितीतरी आत आली. भुजंगासनात डोकं जरा गरगरतं, पण ती बहुतेक कुंडलिनी असावी.

मध्ये एक घोटाळा झाला. सुलूने माझी चटई गच्चीवर नेऊन तिच्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या. म्हणाली, मला काय पता, गुंडाळून कपाटामागे ठेवलेली चटई कुणाची असते? मी झटकून घेतली, पण भुजंगासनातून खाली येताना तोंड चटईवर टेकलं. त्या दिवशी प्राणायाम वेगळा करावा लागला नाही.

तुझा शिष्य,
भय्या

*

उज्जैन
१३ ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं,

सुलूचा नमस्कार. मी पत्र लिहितेय हे ह्यांना सांगू नका. पाकिटावरचा तुमचा पत्ता त्यांच्या टेबलावरूनच उतरवून घेतलाय.

वन्सं, तुम्ही आमच्या ह्यांना नेमका कसला उपास सांगितलाय? मी देवाधर्मातलं बोलत नाही, पण माणूस वाळत चाललाय. काल दसऱ्याला मी श्रीखंड केलं. ह्यांनी वाटीकडे असं बघितलं की मलाच रडू आलं. म्हणाले, "पोट खाली ठेवायचंय, ताईची आज्ञा." मग रात्री सोनं द्यायला आलेल्या लोकांसमोर चक्कर येऊन सोफ्यावर बसले. वर म्हणतात कसे, कुंडलिनी आहे.

योगाचं मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मागच्या खोलीला आतून कडी लावतात, पण दाराला फट आहे. मांडी घालतात, ती पडते, खोटं कशाला बोलू. मुक्तासाठी माणूस एवढी धडपड करतोय हे बघून मला आत जाऊन पाठीवर हात ठेवावासा वाटतो. पण मग त्यांचं गुपित फुटेल.

एक गोष्ट मात्र समजत नाही. त्या खोलीतला दिवाण सरकत चाललाय. भिंतीशी होता, तो आता दाराशी आलाय. एवढा सागवानी दिवाण, दोघांना उचलत नाही. तुमच्या योगात दिवाण ओढायचं काही असतं का? असेल तर तो दार अडवायच्या आत बंद करायला सांगा.

लग्नाला पंधरा दिवस आधी या. तुम्ही असलात की मला धीर येतो.

तुमची,
सुलू

*

मिरज
२१ ऑक्टोबर २०२४

चि. भय्या,

अरे गाढवा, खाली म्हणजे खाली. वर नाही ते खाली. जमिनीला टेकलेलं. भुजंगासनात छाती उचलायची आणि पोट जमिनीवर ठेवायचं, इतकंच मी लिहिलं होतं. उपाशी राहा असं मी कधी म्हटलं?

सगळी चूक तुझी नाही. तुझा टेम्पो खाली मिळाला होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं. लहानपणी मीसुद्धा डबा खाली, म्हणजे रिकामा, करूनच घासायला टाकत होते. मिरजेत चाळीस वर्षं काढली आणि माझ्याच गावचं बोलणं विसरले. पत्र मिळेल त्या दिवशी सकाळी आधी पोहे खा, मग जिलेबी खा, मग सुलूची माफी माग. आसनं दुसऱ्या दिवशी सकाळी कर, एकदाच.

इतकी हसले की खुब्यात कळ आली. अक्षर वाकडं दिसेल, आडवी पडून लिहितेय. शवासनात सुचतं छान.

आता जे सांगायचं ते सांगते. मला लग्नाला यायला जमणार नाही. कोल्हापूरला मोठं शिबिर आहे, नेमकं त्याच आठवड्यात. नाही म्हणवत नाही. मुक्तासाठी हिरवी पैठणी विक्रांत कुरिअरने पाठवेल. रागावू नकोस.

दिवाणाचं काय आहे ते मला नीट कळव.

तुझी,
ताई

*

उज्जैन
४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,

पोहे खाल्ले. जिलेबी खाल्ली. सुलूची माफी मागितली, ती म्हणाली कशाबद्दल, आणि मग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तिला सगळं कळलंय. तिनेच तुला लिहिलं ना? दिवाणाचं काही नाही, घर आहे, सामान सरकतं.

माझा राग त्यावर नाही. शिबिरावर आहे. भाचीच्या लग्नापेक्षा तुला शिबिर मोठं झालं का? आई गेल्यावर माझी वेणीफणी सोडून सगळं तू केलंस. मुक्ता झाली तेव्हा इथे महिनाभर राहिलीस, बारशाला तिच्या कानात नाव तूच सांगितलंस. आणि आता तिला निरोप द्यायला कोण, कुरिअरवाला? मी फोन केला तर विक्रांत म्हणतो, आई झोपलीय. सुनेला विचारलं तर निहारिका म्हणते, आई ध्यानाला बसल्यात. तू एवढी मोठी योगिनी झालीस की भावाशी बोलत नाहीस?

तरी सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. काल भाऊबीजेला मी पाटावर बसलो. नुसत्या पाटावर, घोंगडी नाही, भिंत नाही. मांडी घातली आणि ती राहिली. अनिल बघत होता. ओवाळायला तू नव्हतीस म्हणून मुक्ता म्हणाली, आत्याच्या नावाने मी ओवाळते. तिने ओवाळलं. डोळ्यांत निरांजनाचा धूर गेला.

सगळे फराळाला आत गेले. मला बोलवत होते. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी जरा ध्यान करतो. बराच वेळ केलं.

भय्या

*

मिरज
१२ नोव्हेंबर २०२४

चि. भय्या,

रागाव. खुशाल रागाव. पण पाटावर बस.

आई असती तर तिने तुझी दृष्ट काढली असती. माझ्या वाटची सुलूला काढायला सांग. त्या दिवशी बसल्यावर खांदे सैल सोड, श्वास मोजू नकोस, इकडे तिकडे अनिल दिसतोय का बघू नकोस. समोर मुक्ता असेल, तिच्याकडे बघ. बाकी सगळं आपोआप होतं.

मी तिथेच आहे असं समज.

ताई

*

उज्जैन
१ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू शकत नाही. हे वाच आणि फाडून टाक.

लग्न छान झालं. कन्यादानाची वेळ आली. दोन पाट, एकावर मी, एकावर सुलू. माझ्या मागे अनिल घडीची खुर्ची घेऊन उभा. त्याला मी म्हटलं, ती खुर्ची तुझ्यासाठी का? आणि मी बसलो, ताई. डावा पाय आत, उजवा त्यावर, पाठ ताठ. गुरुजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. सुलूने झारीतून पाणी सोडलं, ते माझ्या ओंजळीतून मुक्ताच्या हातावर, तिच्या हातावरून आल्हादच्या. पाणी कोमट होतं. मंत्र मोठे होते आणि मला वाटलं अजून मोठे असते तरी चाललं असतं. गुडघा दुखत होता. मी गुडघ्याला म्हटलं, आजचा दिवस.

मग गुरुजी म्हणाले, "चला भय्यासाहेब, उठा आता. होमासाठी जागा करू."

ताई, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण बसायचं शिकलो, उठायचं शिकलोच नाही. घरी मी रोज दिवाणाचा पाय धरून उठायचो. म्हणून तो सरकायचा. भाऊबीजेला सगळे आत गेल्यावर मी रांगत जाऊन टेबल धरलं होतं. इथे मांडवात ना दिवाण ना टेबल. चहूबाजूंना माणसं, व्हिडिओवाला, दिवे. पाय दोन्ही ठार झोपलेले. मागे अनिल आणि त्याची खुर्ची.

मी समोर जे होतं ते धरलं. मुक्ताचे दोन्ही हात.

तिला वाटलं मी निरोप घेतोय. तिने हात सोडवायला जरा ओढले, मी आणखी घट्ट धरले. ती म्हणाली, "बाबा?" मी म्हटलं, "सोडू नको. उठवत नाहीये."

एवढं फक्त तिलाच ऐकू आलं. बाकीच्यांनी काय पाहिलं, तर बाप मुलीचा हात सोडत नाही. आधी सुलूचा बांध फुटला. मग विहीणबाई. मग मीना. सनईवाल्याने आपल्या मनानेच काहीतरी करुण सुरू केलं. मी खाली मान घालून पायाची बोटं हलवायचा प्रयत्न करत होतो, तर लोकांना वाटलं हुंदके आवरतोय. पाठीमागे धाडकन आवाज झाला. अनिलच्या हातातून खुर्ची पडली होती, आणि तो रुमालात तोंड घालून रडत होता. गुरुजी म्हणाले, "होऊ द्या, मुहूर्ताला काही घाई नाही." मला घाई होती, ताई.

मुक्ता माझ्या कानाशी वाकली. तिचे डोळे भरलेले आणि ओठ हसू दाबून धरलेले. म्हणाली, "बाबा, मी तीन म्हणते, मग उठायचं." लहानपणी झोपाळ्यावरून उतरायला ती घाबरायची, तेव्हा मी तिला असंच म्हणायचो. एक, दोन, तीन. तिने ओढलं. डाव्या बाजूने कुणीतरी काखेखाली खांदा दिला. बघतो तर आल्हाद. त्याला सगळं समजलं होतं आणि तो सरळ समोर बघत होता. पोरगा चांगला आहे.

मी उभा राहिलो. आता हात सोडायचे होते, पायही जागे झाले होते. पण तेव्हा मात्र खरंच सोडवेना. मी तसाच उभा राहून रडलो, मोठ्याने, सगळ्यांदेखत. लोकांना ते आधीचंच पुढे चालू आहे असं वाटलं.

रात्री अनिल येऊन पाया पडला. म्हणाला, दादा, तू इतका हळवा असशील असं वाटलं नव्हतं. मी त्याच्या हातावर लग्नाचा लाडू ठेवला.

एक मात्र विचारतो. इतकी मोठी योगशिक्षिका तू. बसायचं इतकं बारीक समजावलंस, घोंगडीच्या घड्यांसकट. उठायचं एका ओळीत तरी का नाही लिहिलंस?

भय्या

*

मिरज
९ डिसेंबर २०२४

चि. भय्या,

तुझं पत्र निहारिकाने वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर तिला पुढे वाचता येईना, मग विक्रांतने वाचलं.

विचारलंस म्हणून सांगते. उठायचं लिहिलं नाही, कारण मलाच उठता येत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी पडले. शीर्षासनातून पडले असते तर सांगायलाही बरं वाटलं असतं. फळीवरचा पापडाचा डबा काढायला स्टुलावर चढले होते. खुब्याचं हाड मोडलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ऑपरेशन होऊन पलंगावरच होते. तुला कळवलं असतं तर लग्नाची तयारी टाकून तू इकडे धावला असतास, मला खात्री आहे. म्हणून विक्रांतला शपथ घातली. शिबिर वगैरे काही नव्हतं. एवढे दिवस माझं एकच आसन चालू आहे, शवासन.

तुझी पत्रं आली की माझा वर्ग सुरू व्हायचा. कमरेखाली काही हलत नव्हतं, तर तुझे गुडघे इथून हलवायचे. एवढाच विरंगुळा. पण त्या वर्गात बसणं होतं, पालथं झोपणं होतं. उठणं माझ्या डोक्यातच आलं नाही रे. मीच ते सोडून दिलं होतं.

डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, आता उभ्या राहा. वॉकर पलंगाशी आणून ठेवलाय. त्यावर मी टॉवेल वाळत घालते. भीती वाटते, भय्या. ज्या बाईने अख्ख्या मिरजेला वाकायला शिकवलं, तिला उठायची भीती वाटते, हे कुणाला सांगणार? तुला सांगितलं.

आता तू हसायला मोकळा.

ताई

*

उज्जैन
१६ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

मी हसलो नाही. सुलूही नाही. तिने पत्र वाचलं आणि कपाटावरची बॅग काढली.

आम्ही शनिवारी निघतोय. अनिलही येतोय, त्याला थांबवता आलं नाही. वॉकरवरचा टॉवेल उचलून ठेव.

उठायचं कसं ते मला आता येतं, ध्यान देऊन वाच. समोर कुणीतरी आपलं माणूस हवं. त्याचे दोन्ही हात घट्ट धरायचे. श्वास नाही सोडला तरी चालतो, लाज सोडायची. मग समोरच्याने तीन म्हणायचं. समोर मी असेन. तुझे खांदे धरायला एका बाजूला सुलू आणि दुसऱ्या बाजूला अनिल, आणि त्याची ती घडीची खुर्चीही घेऊन येतोय, थकलीस तर बसायला. या वेळी ती मी स्वतः आणायला लावली.

सोबत माधव नगरच्या कचोऱ्या आहेत, शेव आहे, आणि सुलूने तुझ्यासाठी राखून ठेवलेले लग्नाचे लाडू.

तेव्हा पोट खाली ठेव. कोणत्या अर्थाने, ते सांगायला नको. तू उज्जैनचीच आहेस.

तुझा,
भय्या